धडा एकीकडे, मन दुसरीकडे

शाळांचा इतिहास लिहिणारे गुरुजींबद्दल लिहितात, पाठ्यपुस्तकांबद्दल लिहितात, इमारती आणि अनुदाने यांबद्दल तर हमखास लिहितात. धड्याकडे लक्ष नसलेल्या मुलाबद्दल मात्र कुणी चार ओळी लिहीत नाही. वास्तविक पहिली शाळा ज्या दिवशी भरली त्याच दिवशी हा मुलगाही वर्गात येऊन बसला असणार. आपल्या भाषेने त्याची दखल घेतली आहे. टंगळमंगळ, चुळबूळ, चाळे, उनाडक्या, कामचुकारपणा असे कितीतरी शब्द मराठीत आहेत आणि प्रत्येकाची छटा वेगळी आहे. टंगळमंगळ करणारा मुलगा काम नाकारत नाही, पुढे ढकलतो. चाळे करणारा हातांना दुसरेच काम देतो. कामचुकार मात्र काम करत असल्याचे दाखवतो आणि करत नाही. हा शेवटचा फरक ध्यानात ठेवावा, कारण माझ्या आजच्या बोलण्याचा सगळा भार त्याच्यावर आहे.

मला बोलायचे आहे ते संगणकासमोर बसलेल्या मुलाबद्दल. पडद्यावर गणिताचा धडा उघडलेला आहे आणि मुलगा भलतेच काहीतरी करतो आहे, ही तक्रार आज शहरातल्या इंग्रजी शाळेत ऐकू येते तशी आमच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या आश्रमशाळेतही ऐकू येते. तक्रार नवी वाटते, पण तिचे वय शंभर वर्षांच्या घरात आहे.

आधी आमच्या जिल्ह्याबद्दल थोडे. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा होऊन हा जिल्हा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार इथल्या शंभरातल्या एकोणसत्तर माणसांची नोंद अनुसूचित जमातींत आहे, आणि साक्षरता ६४ टक्के, म्हणजे महाराष्ट्रात सर्वांत कमी. असे असूनही नव्या यंत्रांच्या इतिहासात नंदुरबारचे नाव एकदा देशात सर्वांच्या आधी लागले. २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. बोटांचे ठसे आणि डोळ्यांची प्रतिमा घेणारी यंत्रे गावाने त्या वेळी पाहिली. यंत्र गावात येते तेव्हा समारंभ होतो, फोटो निघतात. त्या यंत्राचे पुढे काय झाले, कोण त्याच्यासमोर बसले आणि बसून काय केले, याची नोंद मात्र फारशी राहत नाही. शाळेतल्या संगणकांचेही तसेच आहे. किती आले हे कागदावर असते. त्यांच्यासमोर बसून मुलांनी काय केले, हे कळायला दुसरा मार्ग शोधावा लागतो.

संगणकाच्या आधीच्या शाळेपासून सुरुवात करू. जुन्या काळी पंतोजींच्या शाळेत मुले धूळपाटीवर अक्षरे गिरवत आणि पाढे, पावकी, निमकी एका सुरात म्हणत. चाळीस मुले एका सुरात म्हणू लागली की त्यात एखाद्याचे नुसतेच ओठ हलत असतील, तर ते कुणाला कळणार? मकतबमध्येही हेच होते. माझ्या पिढीतल्या कितीतरी मुस्लिम मुलांनी सकाळी मकतबमध्ये सबक घेतला आणि मग मराठी शाळा गाठली. पुढेमागे डुलत, मोठ्याने पठण करत मुले बसत. डुलणे चालू असे, आवाजही चालू असे, मन मात्र बाहेरच्या पतंगापाशी असे. पण उस्तादांचा कान तयार असे. आवाजाच्या लयीवरून त्यांना कळे की हे पोर वाचत नाही, नुसते वाहत चालले आहे. ते एकालाच थांबवत आणि म्हणत, आता तू एकटा म्हण. पंतोजींचीही रीत तीच होती. घोकंपट्टीच्या त्या शाळांमध्ये दोष पुष्कळ होते, छडीही होती. पण नुसता देखावा ओळखणारा एक कान तिथे हजर होता. पुढे यंत्रे आली तेव्हा हा कानच वर्गातून बाजूला होऊ लागला.

शिकवणारे यंत्र संगणकाच्या पुष्कळ आधीचे आहे. १९२० च्या दशकात अमेरिकेतल्या ओहायो राज्य विद्यापीठातले मानसशास्त्राचे प्राध्यापक सिडनी प्रेसी यांनी एक पेटी तयार केली. पेटीच्या खिडकीत प्रश्न दिसे, त्याला चार पर्याय असत आणि पेटीला चार कळा. बरोबर कळ दाबेपर्यंत पुढचा प्रश्न येत नसे. विचार उत्तम होता. मुलाला आपले उत्तर बरोबर की चूक हे लगेच कळावे, गुरुजींच्या तपासणीची वाट पाहावी लागू नये. पण या रचनेत एक फट होती. ज्याला उत्तर येत नाही, त्याने चारही कळा एकामागून एक दाबल्या तरी पुढचा प्रश्न येणारच. प्रेसींच्या पेटीत किती कळा दाबल्या याची मोजणी होत असे, म्हणजे ही शक्यता त्यांच्या लक्षात होती. पण कळा दाबणारा मुलगा विचार करून दाबतो आहे की नुसता दाबतो आहे, हे सांगणे पेटीच्या आवाक्यात नव्हते.

पुढे १९५० च्या दशकात हार्वर्डचे बी. एफ. स्किनर यांनी आपले यंत्र केले. त्यांचा पर्यायांवर आक्षेप होता. मुलाने उत्तर स्वतः लिहावे आणि मग झाकण सरकवून बरोबर उत्तराशी ताडून पाहावे, अशी त्यांची पद्धत. यंत्र महाग पडू लागले तेव्हा त्याच पद्धतीची पुस्तके निघाली, आणि मुलांनी काय केले? आधी उत्तर पाहिले आणि मग लिहिले. मुलांना दोष देण्याचे कारण नाही. जिथे उत्तर लिहिले की काम झाले असे मानले जाते, तिथे उत्तरापर्यंत जाणारी सर्वांत जवळची वाट मूल शोधणारच. आपणही सरकारी कचेरीत तेच करतो.

खरा संगणक शाळेत आला तो १९६० मध्ये. इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर यांनी ‘प्लेटो’ नावाची शिकवणारी प्रणाली सुरू केली. सत्तरीच्या दशकात तिची शेकडो केंद्रे एकमेकांना जोडलेली होती, पडदे नारिंगी प्रकाशाचे होते आणि बोट लावले की त्यांना स्पर्श कळत असे. आणि याच धड्यांच्या यंत्रावर टंगळमंगळीने असे काही बाळसे धरले की पुढच्या पन्नास वर्षांची बीजे तिथे सापडतात. १९७३ मध्ये तिथे अनेकांना एकाच वेळी लेखी गप्पा मारता येण्याची सोय झाली. त्याच वर्षी निरोप टाकायचा सार्वजनिक फलक तयार झाला, तो लिहिणारा मुलगा सतरा वर्षांचा होता. खेळ तर विचारू नका. १९७५ मध्ये एकाने भुयारात राक्षस मारण्याचा खेळ तयार केला आणि पकडले जाऊ नये म्हणून तो एका अभ्यासगटासाठी राखून ठेवलेल्या ‘पेडिट-५’ या रिकाम्या जागेत ठेवून दिला. नाव धड्याचे, आत राक्षस! व्यवस्थापकांना सापडला की ते तो पुसून टाकत. भुयारात उतरून खेळायच्या संगणक-खेळांच्या इतिहासात त्याचे नाव आज अगदी सुरुवातीला घेतले जाते.

प्लेटोची ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते ती वेगळ्या कारणासाठी. तिथे धड्याबाहेर गेलेल्या मुलांपैकी काहींनी यंत्राची भाषा इतकी आत्मसात केली की पुढच्या काळातले गप्पांचे, निरोपांचे आणि खेळांचे जग त्यातून उभे राहिले. म्हणजे धड्याबाहेर जाणे हे दरवेळी आळसाचेच असते असे नाही. कधी कधी मूल धडा सोडून शिकण्याकडेच गेलेले असते.

आपल्या देशात शाळेतल्या संगणकाची सुरुवात १९८४-८५ मध्ये झाली. केंद्र सरकारच्या ‘क्लास’ या योजनेखाली निवडक माध्यमिक शाळांमध्ये ‘बीबीसी मायक्रो’ हे इंग्लंडचे संगणक बसवले गेले. ते पुष्कळ ठिकाणी कुलपातच राहिले. कुलपातल्या संगणकासमोर कुणी टंगळमंगळही करू शकत नाही, एवढाच त्याचा फायदा. पुढे विंडोज आली. १९९० मध्ये तिच्यासोबत पत्त्यांचा ‘सॉलिटेअर’ आला आणि ‘पेंट’ नावाची चित्रांची वही तर आधीपासून होती. महाराष्ट्रातल्या ज्या पिढीने शाळेत पहिल्यांदा माऊस हातात धरला, तिला विचारा की पहिल्या दिवशी काय केले. बहुतेकांचे उत्तर हेच येईल, पेंटमध्ये घर काढले, डोंगर काढला, मधून सूर्य काढला. संगणकाचे सर बाहेर गेले की पत्ते. माऊस धरण्याचा, उचलून ओढण्याचा सराव या दोन गोष्टींनी जेवढा करून दिला तेवढा कोणत्याही पाठाने दिला नसेल.

मग आला १९९९ चा प्रसिद्ध प्रयोग. दिल्लीतल्या कालकाजी भागात सुगत मित्र यांनी झोपडपट्टीकडच्या भिंतीला भोक पाडून एक संगणक बसवला आणि मुलांना मोकळे सोडले. ना गुरुजी, ना तास, ना धडा. मुलांनी आपापसांत शिकून घेतले. त्यांनी स्वतःचे शब्दही केले. पडद्यावर फिरणाऱ्या बाणाला ती ‘सुई’ म्हणत आणि थांबा सांगणाऱ्या वाळूच्या घड्याळाला ‘डमरू’. कवी म्हणून या दोन शब्दांवर माझा जीव जडला आहे. ज्यांना कुणी भाषा दिली नाही, त्यांनी आपल्या घरातल्या आणि देवळातल्या वस्तूंतून ती घेतली. नंतर आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातही असे संगणक बसवले गेले. या प्रयोगाचे जगभर कौतुक झाले, पण टीकाही झाली. अमेरिकी अभ्यासक मार्क वॉर्शॉअर यांनी दिल्लीचे ठिकाण पाहून नोंदवले की मुले बराचसा वेळ चित्रे काढण्यात आणि खेळण्यातच घालवतात. कौतुक करणारेही खरे बोलत होते आणि टीका करणारेही. दिशा दाखवणारे कुणी नसेल तर मूल सुई आणि डमरूपर्यंत स्वतः पोहोचते. तिथून अपूर्णांकापर्यंत पोहोचायला सोबत लागते.

२००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात खैराट या गावी ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या जागतिक योजनेचा भारतातला पहिला प्रयोग झाला. छोटीशी एकशिक्षकी शाळा आणि हिरव्या-पांढऱ्या रंगाचे छोटे लॅपटॉप. मुले ते घरी नेत. याच योजनेत दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाने लाखो लॅपटॉप वाटले आणि २०१२ मध्ये तिथल्या तीनशेहून अधिक ग्रामीण शाळांच्या पाहणीचा निष्कर्ष आला की गणितात आणि भाषेत मुलांची प्रगती झाल्याचे दिसत नाही. संगणक हाताळण्यात मुले तरबेज झाली होती. म्हणजे वाया काही गेले नव्हते, पण ज्यासाठी पैसे खर्च केले ते झाले नव्हते.

आता आमच्या शेजारी येऊ. नवापूरचे रेल्वे स्टेशन अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे. त्या पलीकडच्या गुजरातेत, वडोदरा शहरात जे घडले ते प्रत्येक शिक्षणाधिकाऱ्याने वाचावे असे आहे. तिथल्या महानगरपालिकेच्या शंभर प्राथमिक शाळांना २००० मध्ये प्रत्येकी चार संगणक मिळाले. दोन वर्षांनी ‘प्रथम’ या संस्थेने पाहणी केली, तेव्हा त्यातले फारच थोडे मुलांच्या वापरात होते. ही ‘प्रथम’ आपल्या मुंबईत माधव चव्हाण आणि फरिदा लांबे यांनी नव्वदीच्या दशकात उभी केलेली. तिने त्याच संगणकांवर चौथीच्या मुलांसाठी गणिताचे खेळ बसवले. आठवड्याला दोन तास, एका संगणकावर दोन मुले. आणि शेजारी त्याच वस्तीतला एक तरुण किंवा तरुणी, जिला पाच दिवसांचे प्रशिक्षण दिलेले होते. या ताईचे काम गणित शिकवणे नव्हते. मूल फार सोपा खेळ खेळत बसले तर त्याला जरा अवघड खेळाकडे न्यायचे आणि अडले तर काय करायचे ते समजावून द्यायचे, एवढेच तिचे काम. अभिजित बॅनर्जी, एस्तेर दुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार या मुलांचे गणित दोन्ही वर्षी स्पष्टपणे सुधारले. बॅनर्जी आणि दुफ्लो यांना पुढे २०१९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. प्रयोग थांबल्यावर वर्षभरात यातला बराचसा फायदा ओसरला, हेही त्यांनीच प्रामाणिकपणे लिहून ठेवले आहे.

त्याच अभ्यासातले ली लिंडन यांनी गुजरातेतल्या ‘ग्यानशाळा’ या शाळांमध्ये आणखी एक गोष्ट तपासली. संगणकाचा तास शाळेच्या वेळात, बाईंच्या शिकवण्याच्या जागी ठेवला, तर मुले आधीपेक्षा कमी शिकली. तोच तास शाळा सुटल्यावर जादाचा म्हणून ठेवला, तर मुलांना फायदा झाला, त्यातही मागे पडलेल्यांना अधिक. धडे तेच होते, यंत्र तेच होते. बाई बाजूला केल्या की तोटा, बाईंच्या जोडीला दिले की फायदा.

इथे मला एक पाहिलेली गोष्ट सांगायची आहे. कविता वाचायला म्हणून मला अधूनमधून शाळांमध्ये बोलावतात. सातपुड्याच्या पायथ्याच्या अशाच एका शाळेत मी संगणकाच्या खोलीत डोकावलो होतो. मुले अगदी शांत बसलेली, माना पडद्याकडे, बोटे चालू. मुख्याध्यापक समाधानाने म्हणाले, बघा, चकार शब्द नाही. मी मागच्या बाकावरच्या एका मुलाजवळ जाऊन उभा राहिलो. पडद्यावर प्रश्न आला की तो पहिला पर्याय दाबे, लाल झाले की दुसरा, मग तिसरा. प्रश्न वाचण्याइतका वेळ तो मध्ये घेतच नव्हता. मी हळूच विचारले, बाळा, कसे करतोस रे हे? तो म्हणाला, ‘‘हिरवं येईपर्यंत दाबायचं, सर.’’ प्रश्न मराठीत होता, पुस्तकी मराठीत. मुलगा घरी पावरी बोलणारा. शेजारची मुलगी मात्र धडा सोडून पेंटमध्ये मोर काढत होती, आणि तिलाच त्या तासाला बोलणी बसली.

या दोघांपैकी कोणाची काळजी करायची, याचे उत्तर मला पुढे एका अभ्यासात सापडले. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात रायन बेकर आणि त्यांचे सहकारी मुलांना गणित शिकवणाऱ्या एका सॉफ्टवेअरचा वर्गातला वापर पाहत होते. निरीक्षक वर्गात उभे राहून एकेका मुलाकडे थोडा थोडा वेळ, तेही डोळ्यांच्या कडेने पाहत, म्हणजे आपल्याकडे पाहिले जाते आहे हे मुलाला कळू नये. २००४ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडले. मुलांचा साधारण पाचव्या हिश्शाएवढा वेळ धड्याबाहेर जात होता, आणि त्यातला बहुतेक गप्पांमध्ये. नेहमीच्या, खडू-फळ्याच्या वर्गातही साधारण एवढाच वेळ जातो. यंत्राने टंगळमंगळ वाढवली नव्हती आणि कमीही केली नव्हती. पण त्यांनी एक दुसरी गोष्ट वेगळी मोजली. काही मुले धड्यावरच होती, पण भराभर अंदाजाने उत्तरे दाबत होती, किंवा ‘मदत’ या कळीवर बोट ठेवून सॉफ्टवेअर शेवटी उत्तर सांगेपर्यंत दाबत राहत होती. यात गेलेला वेळ शेकडा तीनच्या आसपास होता. आणि तरीही मुलांच्या शिकण्याशी या तीन टक्क्यांचा संबंध गप्पांच्या वेळापेक्षा कितीतरी जास्त वाईट निघाला. शेजाऱ्याशी गप्पा मारणारे मूल तुलनेने थोडे मागे पडत होते. हिरवे येईपर्यंत दाबणारे मूल फार मागे पडत होते. आणि असे दाबणारी मुले बहुतेक ती होती ज्यांचा पाया आधीच कच्चा होता.

याच मंडळींनी पुढे २०१० मध्ये आणखी एक निष्कर्ष मांडला. धडा अवघड वाटून गोंधळलेले मूल शिकण्याच्या वाटेवर असते. कंटाळलेले मूल मात्र कंटाळ्यातच अडकून राहते आणि तेच हळूहळू देखाव्याकडे वळते. म्हणजे गोंधळाची भीती बाळगू नये, कंटाळ्याची बाळगावी.

प्रेसींच्या चार कळांपासून कार्नेगी मेलनच्या ‘मदत’ कळीपर्यंत ऐंशी वर्षे गेली. यंत्र शंभरपट हुशार झाले, फट मात्र तीच राहिली. आमच्या पायथ्याच्या शाळेतल्या मुलाने प्रेसींचे नावही ऐकलेले नव्हते, त्याने ती फट स्वतः शोधून काढली होती. त्याच्या बुद्धीत खोट नव्हती. त्याला धड्याची भाषा लागत नव्हती आणि धड्याची पायरी त्याच्या पायरीच्या बरीच वर होती. अशा वेळी तो काय करणार? उठून गेला तर बोलणी बसतील. विचारायला जवळ कुणी नाही. तेव्हा तो काम होत असल्याचा देखावा करतो. पुढे हाच देखावा आकड्यांत जातो. त्याने तीस प्रश्न सोडवले, चाळीस मिनिटे संगणक वापरला. तालुक्याला आकडा, जिल्ह्याला आकडा, राज्याला आकडा. पेंटमध्ये मोर काढणारी मुलगी या आकड्यात तोटा म्हणून धरली जाते आणि हा मुलगा नफा म्हणून. माझी काळजी नेमकी ही आहे.

नंदुरबारमध्ये ही काळजी इतरांपेक्षा जास्त आहे, कारण इथे घराची भाषा आणि शाळेची भाषा यांतले अंतर मोठे आहे. अक्राणीत पावरी, अक्कलकुव्याकडे भिलोरी, नवापूरकडे मावची, सपाटीला अहिराणी आणि गुजरी. नर्मदेच्या काठच्या गावांमध्ये नव्वदीच्या सुरुवातीला नर्मदा बचाव आंदोलनाने जीवनशाळा काढल्या, तेव्हा त्यांनी सुरुवातीची वाचनपुस्तके मुलांच्याच बोलीत तयार केली आणि गावातल्याच तरुणांना शिक्षक केले. त्या शाळांकडे संगणक नव्हते, विजेचीही बोंब होती. पण मुलाचे लक्ष का उडते याचे पहिले उत्तर त्यांना माहीत होते. धडा आधी मुलाला ऐकू आला पाहिजे.

२०२० मध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या. राज्याने ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ असे म्हणत मोबाईलवर अभ्यास पाठवायला सुरुवात केली. सातपुड्यातल्या पाड्यांवर रेंज मिळवायला टेकडी चढावी लागते. टेकडीवर फोन घेऊन बसलेला मुलगा अभ्यास करतो की दुसरे काही पाहतो, असा प्रश्न तेव्हा अनेकांनी विचारला. घरात फोन एक, तो वडिलांचा, आणि वडील मजुरीला गुजरातेत, ही परिस्थिती असलेल्या घरांना हा प्रश्न लागूच नव्हता. त्या काळात नागपूर आकाशवाणीने ‘प्रथम’च्या सहकार्याने ‘शाळेबाहेरची शाळा’ चालवली. रेडिओचीही हीच अडचण आहे. मी इथे माईकसमोर बोलतो आहे आणि तुम्ही ऐकता आहात की भाजी निवडता निवडता भलताच विचार करता आहात, मला दिसत नाही. म्हणून रेडिओवर बोलणाऱ्याने ऐकणाऱ्याला दोष देऊ नये, आपले बोलणे तपासावे. संगणकाचा धडा लिहिणाऱ्यालाही हाच नियम लावावा असे माझे मत आहे.

नोव्हेंबर २०२२ पासून तर विचारले की उत्तर लिहूनच देणारी यंत्रे सर्वांच्या हाती आली आहेत. प्रेसींच्या मुलाला चार कळा तरी दाबाव्या लागत, आता एकच पुरते. मुले त्याचा उपयोग उत्तरापर्यंतच्या जवळच्या वाटेसारखा करतील, यात नवल नाही. बंदी घालून हा प्रश्न सुटणार नाही. प्लेटोच्या व्यवस्थापकांनी तो खेळ कितीदा पुसला, तो कितीदा परत आला.

मग करायचे काय? शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक शाळेत व्यवस्थापन समिती आहे आणि तिच्यात पालकांची संख्या जास्त आहे. आमच्याकडे समितीतले कित्येक पालक स्वतः शाळेत गेलेले नाहीत, पण पुढचे तीन प्रश्न विचारायला शिक्षण लागत नाही. पहिला प्रश्न, या धड्याची भाषा आमच्या पोराला कळते का? कळत नसेल तर सुरुवातीचे महिने त्याच्या बोलीत समजावणारे कुणी आहे का? दुसरा, पोर संगणकासमोर बसते तेव्हा त्याच्या शेजारी कोण असते? वडोदऱ्यात पाच दिवसांच्या प्रशिक्षणावर गावातल्याच मुलीने हे काम केले, आमच्या पाड्यांवरही बारावी झालेल्या मुली आहेत. तिसरा, पोराने विचार न करता भराभर कळा दाबल्या तर ते कुणाच्या लक्षात येते का, आणि आल्यावर त्याला शिक्षा होते की सोपा धडा मिळतो?

आणि गुरुजींना एक विनंती. पडद्यासमोर वर्ग एकदम शांत दिसला तर त्यावर समाधान मानू नका. एखाद्या मुलाजवळ जाऊन बसा, पडदा झाका आणि त्याला म्हणा, आता तू एकटा सांग, तुझ्या भाषेत सांग. त्याला सांगता आले तर यंत्राने काम केले. नाही आले तर त्या दिवसाचे तीस प्रश्न वहीतून खोडून टाका आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यासोबत एका प्रश्नापासून सुरुवात करा. मोर काढणाऱ्या मुलीला मात्र मोर पूर्ण करू द्या, आणि त्याला पिसे किती काढलीस हे मोजायला सांगा.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)